फक्कीच्या भिंती

गमरे भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चपला काढून घरात शिरत होते. घर मात्र तिथे नव्हतं. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागे भराव टाकलेलं मोकळं मैदान होतं आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या फक्कीच्या रेषा होत्या, कबड्डीचं मैदान आखतात तशा. रेषांच्या आत एका चौकोनात एक बाई पाटावर बसून खोटं खोटं काहीतरी ढवळत होती. दुसऱ्या चौकोनात दोन मुलं चादरीवर आडवी होऊन हसू दाबत होती. आणि चष्मा लावलेला, बारीक अंगाचा एक माणूस खांद्याला ऑफिसची बॅग अडकवून आला, रेषेत सोडलेल्या फटीपाशी थांबला, चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि आत गेला. बाईने त्याला तांब्या दिला. पाणी तेवढं खरं होतं.

आम्ही मुलांना घेऊन जालन्याहून बदली होऊन नुकतेच आलो होतो. सामानाच्या पेट्याही सुटल्या नव्हत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे बघितलं आणि आत हाक मारली, "अहो, इकडे या. मागे कुणीतरी वेडा आहे." आमचे यजमान, म्हणजे साळवे, पेपर वाचत होते. डोकं वर न काढता म्हणाले, "कबड्डीची मॅच असेल." आमच्या संसाराबद्दल कुणी विचारलं तर मी हे एक वाक्य सांगते, बाकीचं सांगायची गरज पडत नाही.

दुपारी त्याच बाईने आमचं दार वाजवलं. हातात घावने आणि चटणी. "मी शालिनी गमरे, समोरच राहतो आम्ही. सकाळी तुम्ही खिडकीत होता ना? घाबरलात काय?" मी घावने घेतले आणि विचारलं, ते काय चाललं होतं. "गावचं घर नवीन बांधायचंय ताई, चिपळूणकडे. ह्यांचा नियम आहे, आधी राहून बघायचं. मागच्या रविवारी मी मोरी चुलीच्या मागे सांगितली होती. आज बसले तर सारखं उठावं लागतंय. आता पुढच्या रविवारी परत आखतील." हे सांगताना तिने कंटाळल्यासारखं तोंड केलं होतं, पण ती कंटाळलेली नव्हती. बायकांना हे एकमेकींचं लगेच कळतं.

भाऊजी फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी आमच्यासारख्याच एका खोली-किचनमध्ये परत यायचे. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. इमारतींवर त्यांचा जीव होता, मग ती कुणाची का असेना. रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या बंगल्याच्या खांबावरून हात फिरवतील, कुणाच्या जिन्याचं कौतुक करत त्याच जिन्यात उभे राहतील. एकदा तर भाईंदर गावातल्या एका म्हाताऱ्या कोळणीने त्यांना ओसरीवरून हटकलं, "काय रं बाबा, काय शोधतस?" हे म्हणाले, "काही नाही आजी, तुमचा उंबरा बघतोय, बरा झिजलाय." तिने त्यांना आत बोलावून चहा दिला. अशी त्यांची तऱ्हा. कुणी नकाशा घेऊन आलं की म्हणायचे, "कागदावर सगळ्यांचीच घरं मोठी असतात. खाली उतरवलं की कळतं कुणाचे पाय कुठं अडकतायत." आणि शेवटी ठरलेलं, "राहून बघा, मग बांधा."

आता मुद्द्याचं सांगते. मला शालिनीचा मत्सर वाटायचा. हेवा म्हणायला हरकत नाही, पण हेवा हा शब्द जरा सोवळा आहे. लोक म्हणतात, दुसऱ्यावर जळलं की आपलंच रक्त आटतं. माझं काही आटलं नाही, उलट भाईंदरच्या खाऱ्या हवेत माझं वजन वाढलं. पण समोरच्या दारातून हसण्याचा आवाज आला की माझ्या हातातलं भांडं आपोआप जोरात आपटायचं, आणि साळवे आतून विचारायचे, "काय पडलं गं?"

ओट्याची गोष्ट त्याच वर्षातली. आमच्या बिल्डिंगमधले सगळे ओटे एका मापाचे होते. बिल्डरने ठरवलेलं माप, ज्याने आयुष्यात कधी पोळी लाटली नसेल. माझी पाठ संध्याकाळपर्यंत धरून यायची. शालिनी तर माझ्याहून बुटकी, तिला कुकरमध्ये डोकावायला टाचा उंच कराव्या लागायच्या. भाऊजींनी एका शनिवारी तिला ओट्यापाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला, खिशातून टेप काढला आणि कोपराच्या खाली चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलची खूण केली. मग गवंडी बोलावून बिल्डरचा ओटा फोडला आणि त्या खुणेवर नवा बांधला. सगळ्या मजल्यांवरच्या बायका तो बघायला गेल्या. तळमजल्यावरच्या हंसाबेनने ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "शालिनी, तारा वर तो देवमाणस छे." आणि मग आम्हा बाकीच्यांकडे वळून हिंदीत, "हमारे वाले को तो ये भी पता नहीं कि किचन किधर है." सगळ्या हसल्या. मीही हसले. भाऊजी तिथेच होते, लाजून म्हणाले, "पट्टीनं नाही ठरत हो ओटा. बाईच्या कोपरानं ठरतो."

घरी आले आणि साळव्यांना सांगितलं. त्यांनी आमचा ओटा नीट बघितला, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "आपला काय वाईट आहे? सगळ्यांचा असाच आहे." त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पगार घरात आणून देत, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, तुला काय हवंय, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. भाजी कुठली करू, हे मी विचारायचे. सुट्टीत कुठं जायचं ते त्यांनी ठरवायचं. जालन्याहून इथे यायचं, हेसुद्धा मला त्यांनी ऑर्डर हातात आल्यावर सांगितलं होतं.

कुणाला वाटेल की बाईचं मन भलतीकडे गेलं होतं. तसं काही नव्हतं. टेप खिशात घालून हिंडणारा आणि दर रविवारी सगळ्या घराला चादरीवर झोपवणारा नवरा मी आठ दिवसांत घराबाहेर काढला असता. मला भाऊजी नको होते. मला ते विचारणं हवं होतं. माझ्या घरात, माझ्या माणसाने, मला विचारावं. एवढंच, पण ते काही केल्या होत नव्हतं, आणि समोरच्या दारात मात्र त्याचा नुसता सुकाळ होता.

सुट्टीच्या दिवशी भाऊजी बायको-मुलांना घेऊन निघायचे. लोक सिनेमाला जातात, बागेत जातात. हे वसईच्या किल्ल्यावर जायचे, उत्तनकडची जुनी घरं बघायला जायचे, डब्यात चपाती-भाजी आणि एक सतरंजी घेऊन. संध्याकाळी शालिनी पाय चेपत माझ्याकडे तक्रार करायची. "ताई, त्या पडक्या कमानीत मला काय कळतंय सांगा. सगळी दगडंच दगडं. हे आपले हात धरून दाखवतायत, हा बघ मधला दगड, ह्याच्यावर सगळा भार आहे." मी पुढचं काही ऐकलं नाही. 'हात धरून' एवढंच ऐकलं. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त पडलं, साळव्यांनी ते निमूट खाल्लं.

आमच्या भागात बौद्ध कुटुंबं बरीच होती. काही कोकणातली, काही आमच्यासारखी मराठवाड्यातली. विहार मात्र नव्हतं. पौर्णिमा असली की कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, जयंतीला रस्त्याच्या कडेला मंडप घालायचा. मागचं मैदान गावातल्या एका जुन्या घराण्याचं होतं. त्यांच्या आजोबांना सगळे मिळून भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "कोपऱ्याला बांधा. देवाचा काम हाय, आमची ना न्हाय." मग कमिटी झाली, आणि कमिटी झाली म्हणजे वाद सुरू झाले. कमान केवढी, घुमट केवढा, मूर्ती उभी की बसलेली. साळवेही त्यात होते, ते घुमटाच्या बाजूचे. भाऊजी सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "कमान करू की, पळून जातेय काय? आधी बाया कुठं बसतील, चपला कुठं राहतील आणि पाणी कुठं मिळेल ते बघूया."

रविवारी सकाळी त्यांनी कोपऱ्यावर अख्खं विहार फक्कीने आखलं आणि पुरुषांना बाजूला उभं करून आम्हा बायकांना आत बोलावलं. "फिरा. बसा. मुलं घेऊन बसा. काय अडतंय ते सांगा." मी उगीच इकडून तिकडे फिरत होते. ते माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "वैनी, तुम्ही कुठं बसाल?"

मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मी म्हटलं, "दारापाशी. धाकटा रडायला लागला की उठता येईल." त्यावर कुणीही हसून सोडून दिलं असतं. भाऊजी त्या जागेवर जाऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून उन्हाकडे बघितलं. "इथं तर चारनंतर डोळ्यावर ऊन येणार. दार त्या अंगाला घेऊया." आणि पायाने रेष पुसून त्यांनी विहाराचं दार हलवलं. माझ्यासाठी. आमच्या घरातली खुर्चीसुद्धा माझ्या सांगण्यावरून कधी हलली नव्हती.

मी हवेत घरी जायला निघाले होते. तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, "लक्ष्मीआई, तुम्ही कुठं बसाल?" मग दुसरीला, मग तिसरीला, तोच प्रश्न, तेवढ्याच अगत्याने. बघायला आलेल्या हंसाबेनलासुद्धा विचारलं, तिचा तर विहाराशी काडीचा संबंध नव्हता. माझा चेहरा उतरला. माणूस सगळ्यांनाच विचारतो म्हणजे चांगला आहे, हे डोक्याला कळत होतं. पोटात दुखायचं ते दुखलंच.

बांधकामाला वेळ लागणार होता. तोवर त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा फक्कीच्या विहारातच करायची असं ठरलं. आणि तिथे जी गंमत झाली ती आमच्याच लोकांकडून होऊ शकते. पांढरी साडी नेसून, पांढरे कपडे घालून सगळा भाग लोटला. आखलेल्या दारापाशी चपलांचा ढीग झाला. विहार भरलं. माणसं मांडीला मांडी लावून बसली, मुलं मांड्यांवर, तरी येणाऱ्यांची रांग दारापाशी थांबलेली. चारी बाजूंना मैदान मोकळं पडलं होतं. पण एकानेही रेष ओलांडली नाही. परभणीकडच्या लक्ष्मीआई उशिरा आल्या, मागच्या बाजूने आल्या, त्यांना मी हात केला, इथूनच या. त्या म्हणाल्या, "भिंतीतून कशी येऊ बाई? दार तिकडं हाय की." आणि काठी टेकत वळसा घालून दाराकडे गेल्या. साळवे सुट्टी असूनही ऑफिसात गेले होते, तिथून थेट आले, माझ्यापासून हातभर अंतरावर, रेषेच्या बाहेर उभे राहिले. मी सरकून जागा केली, खुणावलं. त्यांनी मान हलवली आणि वंदना संपेपर्यंत तिथेच उन्हात हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी मला माझा नवरा जरा आवडला.

भाऊजी हे बघून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग चष्मा परत चढवला आणि गंभीर झाले. "हॉल कमी पडतोय," ते कमिटीला म्हणाले. "बांधून झाला असता तर जन्मभर बाहेर उभे राहिला असता." पुढच्या रविवारी भिंती मागे सरकल्या आणि घुमट रद्द झाला. साळवे दोन दिवस रुसले.

ह्यानंतर आमच्या घराचं निघालं. एका संध्याकाळी साळवे पेढे घेऊन आले. मीरा रोडला बेव्हर्ली पार्ककडे नवी इमारत होत होती, तिथे त्यांनी वन बीएचके बुक केला होता. नकाशाची घडी माझ्यासमोर उलगडली आणि म्हणाले, "बघ, बाल्कनी आहे." मी विचारलं, "कधी ठरवलंत?" म्हणाले, "महिनाभर चाललं होतं. तुला सरप्राइज." मी पेढा तोंडात घातला.

समोर पेढे द्यायला साळवेच गेले, मी मागे उभी. भाऊजींनी नकाशा दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला. "चांगला आहे. वैनींना पसंत आहे ना?" साळवे म्हणाले, "तिला काय, तिला आवडणारच." भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "रविवारी उतरवूया खाली." आणि शालिनी म्हणाली, "आता तुमची पाळी, ताई." ती हसत होती. मला ते हसणं आवडलं नाही.

रविवारी आमचा फ्लॅट मैदानावर आला. हॉल, मग लांब बोळ, बोळाच्या टोकाला किचन. निम्मी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून बघत होती. मी किचनकडे निघाले तर भाऊजींनी अडवलं. "तुम्ही हॉलमध्ये बसा वैनी, पेपर घेऊन. साळवे, आज किचन तुमचं. पोळ्या लाटताय असं समजा." साळव्यांनी आजूबाजूला पाहिलं, लाज वाटली असणार, पण फक्कीच्या भिंती त्यांनाही पाळता यायच्या. ते जाऊन उभे राहिले. भाऊजी हॉलमधून म्हणाले, "पाणी द्या हो." साळवे बोळातून आले, पाणी दिल्यासारखं केलं, परत गेले. "कोण आलंय बघा." परत आले. "धाकटा रडतोय वाटतं." परत आले. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ते किचनमध्येच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, कारण नकाशात तिकडे भिंतच होती. थोड्या वेळाने म्हणाले, "इथून कुणी दिसतच नाही. तुम्ही सगळे तिकडं बोलताय आणि मी इथं."

मी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता. आता हे विचारणार.

साळवे बोळातून आले, सरळ भाऊजींकडे गेले आणि म्हणाले, "मग गमरे, काय करू या? तुम्हीच सांगा."

भाऊजींनी हात झटकले. "मला काय विचारताय? मी राहणाराय काय तिथं?"

साळवे वळले. माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा बघत असल्यासारखं नाही, तसं काही नव्हतं. हिशेब चुकल्यावर माणूस बघतो तसं. "सांग ना," ते म्हणाले. "तुला कसं पाहिजे?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न भर मैदानात, सगळ्या गॅलऱ्यांच्या साक्षीने माझ्यासमोर उभा होता. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं, तर ते तयार कुठून असणार? मी चक्क म्हणाले, "तुम्हाला ठीक वाटेल तसं करा." गॅलरीत शालिनी उभी होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. तिला असलं काही विचारलं असतं तर तिने पोह्यांसारखं पटकन उत्तर वाढलं असतं, तिला सवय होती.

भाऊजी म्हणाले, "आज नका सांगू वैनी. रेषा राहू देत. येता-जाता उभ्या राहा आत, आपोआप कळेल." मग त्यांनी मुलांना दम दिला, रेषा पुसायच्या नाहीत.

तो आठवडा मी दुपारची कामं उरकून मैदानात जायचे आणि माझ्या न झालेल्या किचनमध्ये उभी राहायचे. पहिल्या दिवशी फार मूर्खासारखं वाटलं. मग वाटेनासं झालं. एके दुपारी मला स्पष्ट दिसलं, बोळ नकोच होता. किचन आणि हॉलच्या मधली भिंत छातीपर्यंतच हवी होती, म्हणजे मला माणसं दिसली असती आणि माणसांना मी. संध्याकाळी साळव्यांना सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज इतका चढला की ते दचकले. त्यांनी बिल्डरकडे खेटे घालून ती भिंत तशी करून घेतली. आज मी त्याच भिंतीमागे उभी राहून स्वयंपाक करते आणि सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालते. साळव्यांनी नंतर विचारायची सवयही लावून घेतली, कधी कधी नको तेवढी. पण ती सवय भाऊजींनी लावलेली होती, माझ्या नवऱ्याला आपणहून सुचलेली नव्हती, हे कुसळ माझ्या डोळ्यातून कधी गेलं नाही.

आम्ही मीरा रोडला गेलो तरी रविवारी विहारात जायचो. ते हळूहळू उभं राहिलं, लोकांच्या श्रमाने, आधी पत्रे, मग स्लॅब. भाऊजी दर रविवारी तिथे असायचे, कधी पाण्याच्या टाकीवर, कधी मुलांच्या अभ्यासिकेच्या बाकांपाशी, कधी कुणाच्या गळक्या गच्चीचा सल्ला देत. बिल्डिंगीमागून बिल्डिंगी उठत होत्या आणि नकाशे घेऊन माणसं त्यांना शोधत यायची. मैदान आक्रसत गेलं तसे ते शाळेच्या पटांगणात, कुणाच्या गच्चीवर घरं आखायला लागले. किती बायकांना त्यांनी, तुम्ही कुठं उभ्या राहाल, असं विचारलं असेल कोण जाणे. मी मोजायचं सोडून दिलं होतं, पण जळायचं सोडलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते गेले. ऑफिसात, नकाशाच्या टेबलापाशीच, हृदय बंद पडलं. वयही काही फार नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सकाळीच त्यांच्या घरी पोचलो. खोलीत माणसं मावत नव्हती. हंसाबेन दाराशी बसून रडत होती. फोटोला हार घातलेला होता आणि तो कुठे ठेवावा ह्यावर कुजबुज चालली होती. विधी करायला आलेले बौद्धाचार्य म्हणाले, "त्यांच्या नेहमीच्या जागेवर ठेवा की. घरात कुठं बसायचे ते?"

शालिनीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीखालची खुर्ची तिची होती, तिचे पाय टेकावेत म्हणून त्यांनी खुर्चीचे पाय कापून घेतले होते. उजेडातलं टेबल मुलीचं. पोटमाळ्याखालचा कोपरा मुलाचा, त्याला एकट्याला बसायला आवडतं म्हणून. तिने मुलांकडे बघितलं, मुलांनी एकमेकांकडे. "ते..." ती म्हणाली, "ते बसलेले मला आठवतच नाहीत. इकडं तिकडंच असायचे." मग तिचा आवाज फुटला. "मी कधी विचारलंच नाही त्यांना."

आणि मी बोलले.

"जिन्यात बसायचे. खालच्या मजल्यावरून वर येताना जे वळण आहे ना, जाळीखाली, तिथल्या पायरीवर. रविवारी दुपारी तुम्ही सगळे झोपलात की."

मला माहीत होतं, कारण मी गिरणीतून दळण घेऊन त्याच वेळी वर यायचे. ते भिंतीला पाठ टेकून बसलेले असायचे, चष्मा मांडीवर, हातात काही नाही, टेप नाही, पेन्सिल नाही. मला बघून गुडघे आत घ्यायचे, वाट द्यायचे. एकदा मी म्हटलं होतं, "काय भाऊजी, इथं?" ते म्हणाले होते, "बरं वाटतं वैनी इथं." त्याच्यापुढे आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. डबा हलका असला तरी मी त्या वळणावर दम खायला थांबायचे. ही जागा मी कुणालाही सांगितली नव्हती, साळव्यांनाही नाही. मायेने बघणाऱ्याच्या नजरेतून खूप सुटतं. जळणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

मुलगा उठला आणि जिना उतरून त्या पायरीकडे गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. शालिनी जागची हलली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं मीच ती तिच्यावर रोखून धरली होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा हात धरला. भाऊजींचं तेवढं एक माझ्याजवळ होतं, आणि ते मी आत्ताच सगळ्यांसमोर देऊन बसले होते.